खर्च मागणाऱ्या आत्याबाई

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रागावल्या की आवाज चढवत नसत. होत्या तिथे फतकल मारून बसत. कल्याणच्या कचेरीत तर त्या साहेबाच्या टेबलासमोर फरशीवरच बसल्या होत्या.

स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. खरवईजवळची आमची दोन भातखाचरं सरकारनं कारखान्यासाठी घेतली. सातवी शिकलेली मी. नोटीस मीच वाचून दाखवली. लावलेला भाव ऐकून त्या म्हणाल्या, "माळाचा भाव लावलाय. भात काय दगडावर पिकवला आमी?"

प्रकरण ठाण्याच्या कोर्टात गेलं. जमीन खाचराची आहे हे दाखवायला मोजणीदार लावला, वकील केला, साक्षीदारांना दर तारखेला नेलं-आणलं. त्यापायी आत्याबाईंनी बैलजोडी विकली. व्यापारी बैल घेऊन निघाला, तेव्हा त्या रिकाम्या गोठ्यात बसून राहिल्या.

तीन वर्षांनी आम्ही जिंकलो. भाव वाढला, दाव्याचा खर्चही सरकारनं द्यावा, असं कोर्टानं सांगितलं. कचेरीनं खर्च म्हणून धरलं काय? कोर्टाचा स्टँप आणि नियमात बसणारी वकिलाची नाममात्र फी. मोजणीदार नाही, साक्षीदार नाहीत.

"माझं बैल गेलं त्याचा काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"दावा तुम्ही केलात बाई," साहेब म्हणाला.

"मी जमीन इकाया काढली नव्हती. तुमी घेतलीत. भाव खोटा लावलात, तुमचाच कोर्ट बोलला. खोटं तुमी कराचं, नि ते दाखवाचा खर्च मी द्याचा?"

कारकुनानं पावती पुढे सरकवली. त्यावर छापलं होतं: खर्च पूर्ण मिळाला, तक्रार नाही. मी वाचून दाखवताच आत्याबाईंनी अंगठा पदरात गुंडाळला.

पुढे दरवर्षी गावातली भातकापणी उरकली की आमचा अर्ज जाई. त्या सांगत, मी लिही. एकदा मी 'कृपा करून' असं लिहिलं. त्यांनी ते खोडायला लावलं. "किरपा कसली? माझा हाय ता मागतंय."

अंगठा न देताच त्या गेल्या. दोन महिन्यांत ह्यांनी कचेरीत जाऊन पावतीवर सही केली. "किती दिवस भांडायचं?" म्हणाले.

आता हेही नाहीत. राग मात्र आहे तसाच आहे. ती सही करायला नको होती, आणि मी ह्यांना दारातच अडवायला हवं होतं.