चाकातली घुंघुं

वेग वाढला की माझ्या गाडीतून घुं घुं आवाज येई आणि स्टिअरिंग हाताखाली थरथरे. महिनाभर मी रेडिओ मोठा करून तो आवाज झाकला. शेवटी वडिलांना, म्हणजे अण्णांना, सोबत घेऊन गॅरेजमध्ये गेले.

मिस्त्रींनी जॅक लावून चाक उचललं. ते हाताने फिरवत स्क्रू ड्रायव्हरचं टोक चाकामागे टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"बेअरिंग गेलंय. काका, ऐका बरं."

अण्णांनी वाकून कान लावला. "आमच्या गिरणीचं बेअरिंग जायचं, तेव्हा असंच घुमायचं. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकलेली. म्हटलं, तुला कळलंच असेल."

लोकांची दळणं दळून अण्णांनी मला पदवीपर्यंत पोचवलं. आता घरात बँकेचे कागद, औषधं, मोबाइल, सगळं मीच समजावून सांगते आणि ते नुसती मान डोलावतात. मी त्यांना शेवटचं काही विचारलं ते कधी, हे काही केल्या आठवेना.

बेअरिंग बदलून घेतलं आणि परतताना रेडिओ बंद ठेवला. "अण्णा, आता कसा वाटतोय आवाज?"

ते बराच वेळ ऐकत राहिले. "चाक बरं आहे. पण मागे डावीकडे काहीतरी खडखडतंय."

मी लगेच गाडी कडेला घेतली. मागच्या सीटखाली माझा रिकामा डबा लोळत होता.

"एवढ्यासाठी थांबलीस?" अण्णा हसले.

"तुम्ही सांगितलंत ना," मी म्हटलं.