एस्तेरमावशींचा शिरा

एस्तेरमावशी माफी मागायला निघाल्या की आमच्या चाळीतली लहान मुलं दारामागे लपायची. कमरेला पदर खोचलेला, एका हातात ताटली, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आता मारामारीच होणार.

"ए शेवंता! भाईर ये! माफी मागायला आलीये मी!"

शेजारच्या शेवंताकाकू भीत भीत दार उघडायच्या.

"घे, शिरा खा. चूक तुझीच व्हती. पण माफी मी मागते. तू काय मागायची न्हाईस, आन सूर्य काय थांबायचा न्हाई."

भोसरीतली आमची चाळ पत्र्याची. खोल्या सहा आणि नळ एक, त्यामुळे भांडणाला कारण शोधावं लागत नसे. मावशी नगरकडच्या. एका वर्कशॉपमध्ये रबरी वॉशर निवडायच्या कामाला जायच्या. चाळीत ख्रिस्ती घरं दोनच, त्यांचं आणि आमचं, आणि चर्चही एकच. राग मनात ठेवून सूर्य मावळू द्यायचा नाही, असं शास्त्रात सांगितलेलं आहे. आमच्यासारखे लोक ते ऐकतात, मान हलवतात आणि घरी जातात. मावशींनी त्याचा शिरा केला. ज्याचा राग आला त्याच्या दारात दिवस मावळायच्या आत ताटली घेऊन उभं राहायचं. आणि राग तर त्यांना रोज यायचा.

पुढे पुढे चाळीला याची गोडी लागली. लातूरकडचे भागवतभाऊ तर रात्रीच्या तिसऱ्या शिफ्टहून येऊन झोपून उठले की मावशींच्या दाराशी जायचे.

"मावशी, तुमची वाळत घातलेली गोधडी मीच पाडली बरं का. आज तूप जरा सढळ असू द्या."

"मुडद्या!" मावशी ओरडायच्या. मग जीभ चावायच्या, हाताचा आडोसा करून सूर्य किती वर आहे ते बघायच्या आणि म्हणायच्या, "बस तिथं. भाजते रवा."

एकदा त्या रवा भाजत असताना मी जवळ बसले होते. भाजता भाजता म्हणाल्या, "लई अवघड हाय गं पोरी. उपास सोपा. उपासाला पोट रिकामं ठेवायचं असतं, हितं तोंड रिकामं ठेवावं लागतं. राग आला की मला कसं राणीसारखं वाटतं बघ! आन मग ही ताटली घेऊन तिच्या दारात जायचं, तर पाय मागं ओढतात. म्हणून तर वरडत जाते. गपचिप गेले तर अर्ध्यातनंच माघारी येईन."

अख्ख्या चाळीनं तो शिरा खाल्ला, फक्त मी नाही. मी कुणाशी फार बोलत नाही. चर्चमध्ये प्रार्थना करायची माझी पाळी आली की मी नुसतं आमेन म्हणते आणि खाली बसते. माझा कुणाला राग यावा तरी कशाचा? तुपाचा वास भिंतीपलीकडून यायचा आणि ताटली माझ्या दारावरून पुढे निघून जायची.

मावशींना अभिमान एकाच गोष्टीचा होता, गाण्याचा. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायच्या आणि पेटीच्या अर्धी ओळ पुढे गायच्या. पाळकसाहेब त्यांना गाठायला धावायचे, आम्ही पाळकसाहेबांना.

मग शमुवेलनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, वाकडला फ्लॅट घेतला. सकाळी टेम्पो आला. मावशी सगळ्यांच्या गळ्यात पडल्या. भागवतभाऊंना पाठीत धपाटा मिळाला, शेवंताकाकूंना पोळपाट. माझ्याजवळ आल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून सगळ्यांना म्हणाल्या, "ही माझी गुणाची. हिचा मला कवाच राग आला न्हाई."

मला कसंसंच झालं. आता शिरा कधीच मिळणार नाही, एवढंच डोक्यात आलं आणि माझं तोंड उघडलं.

"मावशी, तुम्ही चर्चमध्ये बेसूर गाता."

मला वाटलं, आता 'भवाने' तरी म्हणतील आणि संध्याकाळी ताटली घेऊन येतील. पण मावशींचं तोंड उतरलं.

"व्हय?" एवढंच म्हणाल्या आणि टेम्पोत जाऊन बसल्या.

"वहिनी," भागवतभाऊ म्हणाले, "इतक्या वर्षांत तोंड उघडलं नाहीत, आणि उघडलंत ते ह्यासाठी?"

रागावर मावशींकडे शिरा होता. मनाला लागलं तर त्या काय करत असतील, ते मला माहीत नव्हतं. दुपारभर मला काही सुचेना. शेवटी मीच रवा भाजायला घेतला, डबा भरला आणि बस बदलत वाकडला गेले. प्रत्येक सिग्नलला मी सूर्याकडे बघत होते आणि तो बेटा खालीच चालला होता.

शमुवेलच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "कुणाकडे? फ्लॅट नंबर?" नंबर मला माहीत नव्हता. नाव ओठांवर येईना. पाय मागं ओढायला लागले, अगदी मावशी म्हणायच्या तसेच. तेव्हा मला कळलं की आता ओरडल्याशिवाय जमणार नाही.

"शमुवेलच्या आईकडे! एस्तेरमावशींकडे! माफी मागायला आलेय मी!"

कुत्रा फिरवणारी एक बाई जागीच थांबली. कुत्राही थांबला. वॉचमननं घाईघाईनं वहीत नाव शोधून फोन लावला. "सर, खाली एक बाई आल्यात. माफी मागायला आलेय म्हणतायत. हातात डबा आहे. सोडू का?"

मावशी स्वतःच धावत खाली आल्या. "लिफ्टमधनं एकटी उतरले, तुझ्यापायी! दोनदा माघारी वर गेले!"

"मावशी, सूर्य..."

त्या हसायला लागल्या. "हितं सूर्य दिसतोय कुठं? ह्या बिल्डिंगीच्या मागं कवा जातो, पत्ता लागत न्हाई. म्हणून तुला टेम्पोतच माफ करून टाकलं. कशाला धोका घ्या?"

आम्ही बागेतल्या बाकावर बसलो. त्यांनी हळूच विचारलं, "खरंच बेसूर गाते का गं?"

"थोडं. पण तुम्ही पुढं असता, म्हणून आम्हाला कडवं सापडतं."

त्यांनी डबा उघडला, डोळे मिटून प्रार्थना केली, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "गोड कमी हाय."

एवढ्या लांबून मी तो मांडीवर सांभाळत आणलेला! "मावशी!" मी अशी ओरडले की वॉचमन खुर्चीतून उठला.

मावशींनी टाळ्या पिटल्या. "आला! हिला राग आला! देवा, तुझी स्तुती असो!"

रविवारी चर्च सुटल्यावर फाटकाजवळ हाक ऐकू आली. "ए पोरी! हिकडं ये! माफी मागायला आलीये मी!" पाळकसाहेबांच्या हातातलं पुस्तक पडलं. मावशींनी माझ्या हातात डबा ठेवला. "गोड कमी हाय म्हणाले ना, लागलं असंल तुला."

तो शिरा मी चाळीत आणला आणि दार लावून सगळा एकटीनं खाल्ला. भागवतभाऊ खिडकीतून बघत होते. त्यांना फार राग आला. मी बाहेर येऊन बघितलं. सूर्य अजून वर होता आणि घरात रवा होता.