आमचे पिचर

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या इस्पितळात माझ्याबरोबर एक मराठी फार्मसिस्ट होते. कामावर इतकं हळू बोलत की औषधाचं नाव पुन्हा विचारावं लागे. पण शनिवारी गावच्या क्लबचा सॉफ्टबॉलचा सामना असला की हा माणूस घसा फोडून ओरडे. त्या मोसमात आमचे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, पार ढेपाळले होते. बॉल सारखे बाहेर पडत आणि समोरचे खेळाडू फुकटात पुढच्या बेसवर जात.

"अरे, पिचिंग करतोयस की प्रसाद वाटतोयस?" ते चक्क मराठीत ओरडत. आजूबाजूचे गोरे, माओरी, सगळे अर्थ न कळताही हसत.

एकदा मीही गेले होते. बदली आलेला पिचरही कोलमडला, तेव्हा मागून कुणीतरी त्याला हिणवलं, "घरी जा!" ते गर्रकन वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "ए, तो आमचा आहे. त्याला शिव्या आम्ही देऊ, तू नाही."

पिचरच्या आईने त्यांच्या पाठीत प्रेमाने धपाटा घातला. "संध्याकाळी जेवायला ये घरी."

"स्वीट ॲज," ते अगदी इथल्या लोकांसारखा होकार देत म्हणाले, आणि मला, "तुम्हीपण चला की!"

"नको, कपडे वाळत घातलेत," म्हणत मी हसत निघाले.

आम्ही दोघं एकाच वर्षी इथे आलो होतो. माझ्याशी सगळे गोड वागत, मीही सगळ्यांशी गोडच; पण माझ्या पाठीत हक्काने धपाटा घालेल असं इथे कुणी नव्हतं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, मला त्यांचा भयंकर राग आलाय. या गावात मला कुणाचा आलेला तो पहिलाच राग, आणि तोही एका मराठी माणसाचा.