वंगाळअण्णांचं यान

अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका नव्याकोऱ्या पांढऱ्या भिंतीला नाक लावून उभे होते. चेहऱ्यावर भाव असा, की कुणी विटलेली आमटी समोर धरली असावी. भिंत अंतराळयानाची होती आणि तिचा रंग आदल्या दिवशीच वाळला होता. अण्णांनी नाक बाजूला घेतलं, लेंग्याला हात पुसले आणि म्हणाले, "वंगाळ."

त्यांना चहा वंगाळ लागायचा, दिग्दर्शकाचा गॉगल वंगाळ वाटायचा. खुर्च्यांना पांढरी कापडं बांधलेला लग्नाचा हॉल तर इतका वंगाळ, की तिथं त्यांना घास गिळत नसे. एखादी गोष्ट फारच आवडली तर ते "वंगाळ न्हाय" म्हणत, आणि ज्याला ते म्हणत तो दिवसभर मिरवत फिरे. मागं सगळे त्यांना वंगाळअण्णा म्हणत. तोंडावर नुसतं अण्णा. मला मात्र हे नाव कधी चेष्टेचं वाटलं नाही. किळस येण्यालाही एक जात असावी लागते, आणि अण्णांच्या किळसेला ती होती.

कागल रोडला एका बंद सूतगिरणीची शेड होती. ती भाड्यानं घेऊन एका निर्मात्यांनी मुलांसाठी रविवार सकाळची मालिका काढली होती. या निर्मात्यांना सगळे दादा म्हणायचे. पृथ्वीवरून निघालेलं एक यान ग्रहाग्रहांवर हिंडतं आणि शेवटी घरी परत येतं, एवढीच गोष्ट. मी जयसिंगपूरच्या कॉलेजात मराठी शिकवत होतो. संवाद लिहायला माणूस हवा म्हणून मला बोलावलं गेलं आणि यान बांधायला अण्णांना. ते शिरोळकडचे, घरी कानडी बोलणारे. तरुणपणी कोल्हापुरात चित्रकला शिकले आणि पुढं पेठेतल्या तालमीचे गणपतीतले देखावे करत करत सेटच्या कामात आले. मला ते पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणत.

त्या पांढऱ्या भिंतीवर त्या दिवशी त्यांनी काजळी, एरंडेल आणि चहाचं पाणी यांचा लेप चढवायला घेतला. सगळीकडे नाही. बटणांच्या भोवती, दाराच्या कडेला, खाली पाय टेकतात तिथं. दिग्दर्शक धावत आला. "अहो अण्णा, भविष्यातलं यान आहे, चकचकीत पाहिजे." अण्णा न वळताच म्हणाले, "भविष्यात मान्सं हात घरी ठिवून येनार हायत व्हय?" मग मला जवळ बोलावून त्यांनी बटणाशेजारचा तो पिवळट डाग दाखवला. "मास्तर, ह्यो मळ. मळ आनि घाण येगळी. मळ ऱ्हानाऱ्याचा असतोय, घाण जानाऱ्याची." पुढं त्या सेटवर जे झालं, ते पाहताना मला हेच वाक्य आठवत राहिलं.

यान दिसायला केवढंही वाटलं तरी बोळ एकच होता. तोच एका टोकाकडून दाखवला की वरचा मजला, दुसऱ्या टोकाकडून दाखवला की तळघर. भिंतींचे तुकडे सुटे होते. ते पालथे केले, नळ्यांना तांबडा रंग दिला, की शत्रूचं यान तयार. एक वस्तू दहा जागी वापरण्यात अण्णांना काही कमीपणा वाटत नसे. "आमच्या आईनं एका लुगड्याची गोधडी केली, गोधडीचं पायपुसनं," ते म्हणायचे, "पन पायपुसनं पांघराय दिलं न्हाय कुनाला." प्रत्येक वेळी तुकडा पुसायचा, आधीचा रंग खरवडायचा, मगच त्याला नवं काम द्यायचं. कुणी खरवडायचा कंटाळा केला, की त्याच्या डब्यातली भाकरीसुद्धा ते वंगाळ ठरवत.

यानाच्या गोल खिडक्यांसाठी त्यांनी गुऱ्हाळातल्या जुन्या बादल्या आणल्या होत्या. गुळाची ढेप पाडतात त्या, पत्र्याच्या. बूड कापून भिंतीत बसवल्यावर त्या इतक्या झकास दिसल्या, की दादांनी पाहुण्यांना त्या परदेशातून मागवल्याचं सांगितलं. बादल्या सोड्यानं धुतल्या होत्या, पण सांध्यात मुरलेला गूळ कुणाच्या लक्षात आला नाही. चित्रीकरणाच्या दिव्यांची धग लागल्यावर तो पाझरू लागला. आमचा कप्तान एका निर्जन ग्रहाकडे बघत गंभीरपणे म्हणत होता, "इथे जीवसृष्टीची कोणतीही खूण नाही," आणि त्याच्या कानामागून मुंग्यांची रांग खिडकीकडे चालली होती. वाक्य माझंच होतं. अण्णा माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "मास्तर, बघा की. तुमी न्हाय म्हनत हुतासा." त्या दिवशी ते हसले. पिवळे दात, मिटलेले डोळे, गदगदणारं पोट. मी त्यांना तसं हसताना फार वेळा पाहिलं नाही.

यानात सर्वांत शेवटी बसला तो कप्तानासमोरचा, वेग दाखवणारा मोठा काटा. त्यासाठी अण्णांना हवी तशी तबकडी बाजारात मिळेना. एका सकाळी ते पिशवीतून स्टीलचं एक झाकण घेऊन आले. पाठोपाठ रिक्षानं त्यांच्या बायको आल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. "माझ्या पोह्याच्या डब्याचं झाकन हाय ते," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "माहेरनं दिल्याला डबा. ह्यास्नी सगळ्या कोल्लापुरात दुसरं झाकन घावलं न्हाय."

"यान परत आलं की देतो," अण्णा म्हणाले.

"कवा येतंय?"

"मास्तर लिवतील तवा."

अक्का माझ्याकडे बघून गेल्या. तेव्हापासून त्यांच्या घरी पोह्याच्या डब्यावर ताटली असायची, आणि मी गेलो की त्या ताटली खणकन बाजूला ठेवून पोहे काढायच्या.

अण्णांच्या तालमीचा एक रिवाज होता. ज्यानं देखावा उभा केला त्यानंच तो खोलायचा. मिरवणुकीत कितीही नाचून पाय मोडले तरी दुसऱ्या दिवशी तोच माणूस येणार, आणि जे शेवटी बसवलं ते आधी काढणार. परक्याचा हात लागू द्यायचा नाही. देवाचं घर आहे, त्याची मोडतोड होता कामा नये, असं जुने लोक सांगत. अण्णांनी हा रिवाज यानालाही लावला. शेवटचा भाग झाला की यान आपण स्वतःच्या हातानं खोलणार, असं त्यांनी कामाला लागण्यापूर्वीच दादांकडून कबूल करून घेतलं होतं. दादा म्हणाले होते, "अण्णा, तुमचंच आहे की."

शेवटचा भाग झालाच नाही. वाहिनीनं मालिका मध्येच बंद केली. यान कुठल्याशा धुळीच्या ग्रहाजवळ राहून गेलं आणि मी लिहिलेला परतीचा प्रवास माझ्याकडेच राहिला. अण्णा स्क्रू ड्रायव्हर घेऊन शेडवर गेले तेव्हा दादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढा हंगाम जाऊ द्या अण्णा. एक छोटं काम आलंय."

मग छोटी कामं येतच राहिली. यान एका कौटुंबिक मालिकेतला अतिदक्षता विभाग झालं. एका पौराणिक मालिकेत इंद्राचा दरबार झालं. तेव्हा नळ्यांवर सोनेरी कागद डकवला आणि तो काढताना खालचा रंग सालीसारखा ओरबाडून आला. पुढं तिथं खलनायकाचा अड्डा झाला, मग बनियनची जाहिरात. कुणी पुसलं नाही, कुणी खरवडलं नाही. एकावर एक नुसते थर चढत गेले. दर वेळी अण्णा जात, दर वेळी दादा म्हणत, "एवढा हंगाम."

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. नुकताच तिथं स्वयंपाकाचा कार्यक्रम होऊन गेला होता. यानाच्या दारातच वास आला आणि मी रुमाल नाकाला लावला. कप्तानाच्या टेबलावर तांबड्या रश्श्याची साय धरली होती. फटींमध्ये मटणाची हाडं कोंबली होती आणि त्यांच्यावर झुरळं निवांत फिरत होती. बोळाच्या कोपऱ्यात, जिथून आमची पात्रं अंतराळात पाऊल टाकायची, तिथं गुटख्याच्या पिचकाऱ्या. ताज्या लाल, जुन्या काळ्या, एकीत चिकटून मेलेली माशी. कुणीतरी त्या गोल खिडकीत मूतलंही होतं. मी आयुष्यात गलिच्छ जागा पाहिल्या आहेत, पण जिथं कुणी कधी राहिलंच नाही ती जागा इतकी घाण झालेली मी तिथंच पाहिली. आणि शेजारी सोफ्यावर एक माणूस मोबाईल बघत शेंगा खात, टरफलं खालीच टाकत बसला होता.

खांद्यावरचा टॉवेल ओला करून अण्णा त्या पिचकाऱ्या पुसू लागले. मी म्हणालो, "अण्णा, राहू द्या हो. आजार होईल."

"बटनाजवळचा मळ बी गेला मास्तर," ते म्हणाले. "ह्या घाणीखाली कुटं गेला कळंना."

पुढच्या वर्षी आजार झाला, पण तो वेगळाच. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी यंत्रं लुकलुकत होती. त्या पांढऱ्या पेटीकडे ते जुन्याच तिटकाऱ्यानं बघत होते. "कुनाचा हातच लागल्याला न्हाय हिला," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "यान खोललं काय?"

मी नाही म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं असं लोक नंतर म्हणाले. मला तसं वाटत नाही. खोट्या चकचकीतपणाशी भांडण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"वंगाळ," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. माझ्याशी ते शेवटचं बोलले.

त्यांना गावी माती दिल्यावर आठवड्यानं दादांनी शोकसभा ठेवली, आणि ठेवली ती यानातच. तिथं गेलो तर अण्णांचा फोटो कप्तानाच्या खुर्चीत बसवलेला, भोवती मिणमिणणाऱ्या रंगीत दिव्यांच्या माळा. भिंतींचे तुकडे उलटसुलट लावलेले. अगरबत्तीच्या वासाखालून तोच कुबट, आंबट वास वर येत होता. मागच्या बाजूला पेढ्यांच्या ताटावर माश्या बसल्या होत्या आणि दोन माणसं सगळ्याचं मोबाईलवर चित्रीकरण करत होती. आमचा जुना कप्तान बोलायला उभा राहिला. "अण्णा गेले नाहीत," तो म्हणाला, "ते आपल्या यानातून अनंताच्या प्रवासाला निघालेत." मग त्यानं डोळे पुसले आणि चित्रीकरण नीट झालं का, ते चोरून पाहिलं. अंतराळात वासही जात नाही म्हणतात. तो कप्तान, ते दिवे, ते पेढे यांच्यापासून अण्णा तेवढ्या अंतरावर असावेत, अशी मी मनोमन प्रार्थना केली.

दादा उठले. "अण्णांची आठवण म्हणून हे यान आम्ही कायम असंच जपणार आहोत," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या.

"साक," पुढच्या रांगेतून आवाज आला. कानडीत साक म्हणजे पुरे. अक्का उठल्या होत्या. त्या सरळ कप्तानाच्या टेबलापाशी गेल्या, त्या मोठ्या काट्याच्या तबकडीखाली नखं घातली आणि ओढू लागल्या. तबकडी निघेना.

"अक्का, काय करताय?" दादा हळूच म्हणाले. मोबाईल अजून चालू होते.

"माझं झाकन न्हेते. यान काय आता येत न्हाय."

आमचा जुना सुतार गणपा मागून पुढं आला. त्यानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, अक्कांना "सरा जरा" म्हणाला आणि तीन स्क्रू फिरवले. झाकण सुटून अक्कांच्या हातात आलं. ते बघताना मला एकदम उमगलं, की यानात शेवटी बसलं होतं ते हेच. रिवाजाप्रमाणे सुरुवात बरोबर झाली होती. मी शिक्षक माणूस, चारचौघांत बोलायला कचरतो. पण मोठ्यानं म्हणालो, "गणपा, त्याच्याआधी खिडक्या बसवल्या होत्या."

गणपानं माझ्याकडे पाहिलं आणि तो पहिल्या बादलीकडे वळला. आणखी दोन जुने कामगार उठले.

"अहो, उद्या इथं शूटिंग आहे," दादा म्हणाले.

"मग भायेर करा की," अक्का म्हणाल्या. "बांधनारा ऱ्हायला न्हाय. घरातल्यांनी खोलायचं." त्यांनी मोबाईल धरलेल्या माणसाकडे बोट केलं. "आनि दादांनी शब्द दिल्याला. काड की, ते बी काड फोटोत."

दादांनी कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले आणि ते बाहेर गेले. त्यांच्यामागून कप्तान गेला. मग आम्हीच उरलो. संध्याकाळपर्यंत आम्ही यान खोललं. खिडक्या, मग नळ्या, मग बोळ, सगळ्यांत शेवटी ती पहिली पांढरी भिंत. गणपानं सोनेरी कागद, रंग आणि रश्श्याचे थर खरवडले, तेव्हा बटणाच्या भोवती तो पिवळट मळ निघाला. अण्णांचा. तेवढा तुकडा मी ठेवून घेतला.

अक्का फाटकापाशी पायरीवर बसल्या होत्या. झाकणाला मधोमध वायरीचं भोक पडलेलं, कडेला गुटख्याचा लाल डाग. तो त्यांनी थुंकी न लावता, बाटलीतल्या पाण्यानं धुतला, पदरानं कोरडा केला आणि झाकण उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"मुंग्या जातील की ह्यातनं," त्या म्हणाल्या आणि ते पिशवीत घातलं. मग मोकळ्या झालेल्या शेडकडे बघत म्हणाल्या, "वंगाळ न्हाय."