मोठ्या मायचं एक ‘न्हाई’

आमची मोठी माय, म्हणजे बाबांची आई, अंतर जपमाळेत मोजायची. वालूर दोन माळा, शेतातून गेलं तर दीड. सेलूचा बाजार नऊ माळा. एका जागी बसून प्रार्थना करताना मी तिला पाहिलंच नाही. मणी बोटांत आणि पाय रस्त्यावर. पाटलीणबाई ओट्यावरून टोमणा मारायच्या, “म्हातारे, तुझा देव तुला बसू देईना का?”

“माझा देव पायीच हिंडला, बाई. बसायचं काम तुमी करायलाव की,” म्हणत ती पुढं निघायची.

गावात आमची चारच कॅथलिक घरं. फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे, आमच्याच पत्र्याखाली मिस्सा, म्हणजे आमची उपासना, व्हायची. त्या दिवशी मोठी माय कुणाला काही सुचू द्यायची नाही. सारवलेलं अंगण पुन्हा सारवायला लावायची. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे फादर येशूचं शरीर म्हणून देतात ती भाकर, घ्यायचा म्हणून आदल्या रात्रीपासून अन्नाला शिवायची नाही. आम्ही कुरकुरलो की म्हणायची, “पाव्हणा यायलाय, आन आपुन आधीच जेवून बसायचं का?” गळ्यातला क्रूस तिनं कधी लपवला नाही. बाजारात, एसटीत, लग्नात, तो पदरावरच असायचा.

मी बारावी झाले. आमच्या घरात दहावीपुढं कुणीच गेलं नव्हतं. परभणीच्या कॉलेजला आणि वसतिगृहाला सवलतीसाठी जातीचा दाखला हवा होता. आम्ही मूळचे मातंग. पण ख्रिश्चन झालेल्याला ती सवलत मिळत नाही, हे आमच्यासारख्या घरांना पाठ असतं. आजोबांच्या शाळेच्या जुन्या कागदावर नुसतं मातंग लिहिलेलं होतं. बाबा म्हणाले, “कागदावर कुठं येशू लिव्हलाय?” मोठी माय दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालत राहिली.

घरातलं जाणतं माणूस आणा, असं कचेरीत सांगितलं, म्हणून ती आमच्यासोबत सेलूला आली. दारातच तिनं क्रूस चोळीत सारला. टेबलामागच्या बाबूनं मान वर केली. “आजी, तुमी क्रिस्ताव झालाव का?”

मी बाबांच्या मागं उभी होते. माझं सगळं पुढचं शिक्षण त्या म्हातारीच्या तोंडाकडं बघत होतं.

“न्हाई,” ती म्हणाली.

दाखला मिळाला. मी परभणीला गेले. पुढच्या मिस्सेला मोठी माय ख्रिस्तप्रसादाला पुढं गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सुट्टीत माझी मिस्सा चुकायची, म्हणून हे मला तीन वर्षांनी, पदवी घेऊन घरी आले तेव्हा आईकडून कळलं. उपास मात्र तिनं सोडला नव्हता. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायची, अंगण सारवायची, आणि सगळे पुढं गेले की भिंतीजवळ उभी राहायची.

मी चिडले. म्हटलं, “फादरजवळ कबुली दे ना. माफ करतील, मग ख्रिस्तप्रसाद घेता येईल.”

“कबूल तर करीन पोरी. पर पस्तावा पायजे ना. मला पस्तावा न्हाई. उद्या त्या बाबूनं परत इचारलं तर परत तेच सांगीन. मग फादरला काय सांगू, पस्तावले म्हणून? एकडाव खोटं बोलले, तेवढं लय झालं.”

 

मागच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. तिथंही पाय हलतच होते. फादर आले, त्यांनी कपाळाला आजाऱ्यांसाठीचं पवित्र तेल लावलं, विचारलं, “मोठी माय, देवाला काही सांगायचं आहे?”

“त्याला ठावं हाय.”

त्यांनी ख्रिस्तप्रसाद पुढं केला. तिनं ओठ मिटले. फादरांनी आग्रह केला नाही. मग तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. मी शिक्षिका झाल्याचा तिला कोण अभिमान. “आज शाळा बुडवलीस का गं?” एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मातीआधीची मिस्सा आमच्याच पत्र्याखाली झाली. मी रांगेत उभी राहिले. वाटलं, तिच्या ‘न्हाई’वर शिकलेले आपण, मागं फिरावं. पण मागं सगळा गाव उभा होता, आणि रांग पुढं सरकत होती. माझी पाळी आली. फादर म्हणाले, “ख्रिस्ताचं शरीर.”

मी आमेन म्हटलं आणि तोंड उघडलं. मला पस्तावा आहे का, हे कुणीच विचारलं नाही.