लाल कार्ड आणि गुळाच्या ढेपा

बाळांनो, हे तुमच्या आईने तुम्हाला वाचून दाखवायचे आहे. तुम्हा दोघांना मराठी ऐकून कळते, पण वाचता येत नाही. वाचताना ती मधले काही गाळू लागली तर तिला सांगा, आजीने गाळायला मनाई केली आहे.

आत्ताच का लिहायला बसले, तेही सांगते. गेल्या रविवारी व्हिडिओवर धाकटी म्हणाली की तिच्या शाळेने सगळ्यांची वजने केली आणि घरी एक पत्र पाठवले. सांगताना ती हसत होती. एरवी माझ्याशी बोलताना तिचे तोंड सतत चालू असते, त्या दिवशी समोरची बशी तशीच होती. मी पाठवलेले लाडूही डब्यात तसेच पडून आहेत, असे थोरल्याने चुगली करावी तसे सांगितले. तुमच्या आईला वाटले, त्यात काय एवढे. पण अशी पत्रे कशी लिहितात ते मला चांगले ठाऊक आहे. ती मी स्वतः लिहिली आहेत.

चेन्नईत मैलापूरच्या मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी तुमचे आजोबा साखरेने गेले. आधी डोळे, मग मूत्रपिंडे. ते लहानपणापासून जाड होते आणि त्यांच्या घरी त्याचे कौतुकच होते. त्यांचे दिवस झाल्यावर हेडमिस्ट्रेसने मला बोलावले. सहावी-सातवीच्या मुली दुसऱ्या मजल्यावर चढताना मध्येच कठड्याला धरून उभ्या राहत. ते मीही पाहिले होते. शाळेला मुलींच्या आरोग्यासाठी एक कार्यक्रम सुरू करायचा होता. ‘तुमच्यासारखं नीटनेटकं काम कुणाला जमणार, मॅडम?’ त्या म्हणाल्या. मला बरे वाटले. घरी तरी कोण होते?

सुरुवात चांगली झाली, हे मी आजही म्हणेन. कँटीनमधली भजी आणि गोड सोडे बंद केले, त्या जागी सुंडल आणि ताक ठेवले. सुंडल म्हणजे आपली वाफवलेल्या हरभऱ्याची उसळ, वर खोबरे. बुधवारी आणि शुक्रवारी अर्धा तास सगळा वर्ग मैदानावर. खेळ कुठला, ते मुलींनी ठरवायचे. त्या खडूने पांडीचे चौकोन आखायच्या, ज्याला पुण्याकडे लंगडी घालत ठिकरी खेळणे म्हणतात. तिथेच थांबले असते तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

पण मला कुठलीही गोष्ट नोंदल्याशिवाय चैन पडत नाही. तुमच्या आईला विचारा, तिच्या वेण्यांच्या रिबिनींनाही मी नंबर घातले होते. मी डब्यांची वही काढली: वर्गाची लीडर रोज उघडे डबे पाहून खुणा करायची. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वजन. आणि वजनानंतर प्रत्येकीला एक कार्ड, वजन ठीक असेल तर हिरवे, थोडे जास्त तर पिवळे, फार जास्त तर लाल, घरून सही करून आणायचे. मजकूर इंग्रजीत, माझाच. विनयशील आणि निर्दोष इंग्रजी होते ते.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर अक्का राहायची. तिचेही लोक आमच्यासारखे तंजावरचे मराठी. ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, इंग्रजी न शिकलेली, आणि मला ‘टीचरम्मा’ म्हणून चिडवणारी. संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या पायरीवर भाजी निवडत बसायचो. मराठीत सुरू झालेले वाक्य तमिळमध्ये संपायचे आणि भाषा कधी बदलली ते दोघींनाही कळायचे नाही. तिची नात माझ्या शाळेत सहावीत होती. गोल चेहऱ्याची, सगळ्यांच्या आधी हसणारी. ती मला घरीसुद्धा ‘मिस’च म्हणायची.

पहिले कार्ड दिले त्याच आठवड्यात अक्काने मला आत ओढत नेले. देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी, शाळेत परत द्यायचे सोडून नातीचे लाल कार्ड चिकटवले होते.

‘बघ टीचरम्मा, तुझ्या शाळेनं माझ्या पोरीला काय दिलंय! लाल म्हणजे पहिला नंबर का गं?’

‘नाही अक्का, ते वजनाचं आहे.’

‘वजनाचं? अय्यो, मग तर लालच पाहिजे! सातव्या महिन्यात झालेली पोर. काचेच्या पेटीत होती, माझ्या तळव्याएवढी. विसरलीस?’

विसरले नव्हते. ती पोर जगावी म्हणून अक्काने नवस बोलला होता: बारा वर्षांची होईपर्यंत दर वाढदिवसाला कुंभकोणमजवळच्या त्यांच्या कुळाच्या देवळात तिची गुळाने तुला करायची. तराजूच्या एका पारड्यात मूल, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. मी दोनदा गेले होते. दर ढेपेला अक्का ‘अजून एक!’ म्हणून ओरडायची, आणि पोर पाय हलवत हसायची.

नात दप्तर घेऊन दारात उभी होती. लाल म्हणजे काय, ते तिला कळत होते. वर्गात तिला ‘रेड’ म्हणू लागले होते. ती माझ्याकडे बघत होती. मी आजीला खरे सांगावे, असे तिला वाटत होते की सांगू नये असे, ते मला आजही कळलेले नाही.  मी उशीर होतोय म्हणत वर निघून आले. जिना चढताना मनात जे आले तेही लिहिते: थोडी लाज वाटली तर बरेच आहे, आपण होऊन सुधारेल.

पुढचे सगळे माझ्या डोळ्यांसमोर झाले. वजनाच्या सोमवारी मुली पैंजण काढायच्या, मोजे काढायच्या, केसांतल्या पिना काढून मैत्रिणीच्या हातात द्यायच्या. सकाळच्या प्रार्थनेला त्या दिवशी दोघी-तिघी चक्कर येऊन खाली बसायच्या. मी म्हणायचे, ऊन लागले असेल. माझ्या वहीत आकडे उतरत होते. अक्का आल्यागेल्याला देवघरातले कार्ड दाखवत होती. पुढची कार्डे आली ती नातीच्या बापाने ऑफिसला जाताजाता, न वाचता सही करून परत दिली.

वाढदिवस आला. त्यांच्या भाड्याच्या गाडीत मीही होते. अक्काने मागच्या वर्षीच्या ढेपा लक्षात ठेवून, वर चार जास्त, पोत्यात भरून आणल्या होत्या. नात पारड्यात बसली. देवळातल्या माणसाने मागच्या वर्षीइतका गूळ ठेवला, आणि पोरीचे पारडे वर गेले. त्याने एक ढेप काढली. मग दुसरी. मग तिसरी.

‘काढू नका, तुमचा तराजू बिघडलाय!’ अक्का त्याच्यावर तमिळमध्ये ओरडली. त्याने दोन्ही पारडी रिकामी करून दाखवली. काटा बरोबर मध्ये होता. पोरीला पुन्हा बसवले. ढेपा पुन्हा काढाव्या लागल्या.

पारडे माझ्याजवळ आले तेव्हा ती वाकून हळूच म्हणाली, ‘मिस, आता ग्रीन ना?’

माझ्या मनात पहिल्यांदा जे उत्तर आले, ते ‘हो’ असे होते. मी हिशेब केला होता. त्यानंतर मी तिचा हात पाहिला. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या.

परतीच्या वाटेवर अक्काने विचारले, ‘ग्रीन म्हणजे काय?’ पोरीने खिडकीबाहेर बघत सगळे सांगितले. डबा लीडरला दाखवून झाला की ती तो मैदानामागच्या कावळ्यांना घालायची. वजनाच्या आदल्या दिवसापासून पाणी पीत नसे. देवघरात नमस्कार करताना डोळे मिटायची, ते कार्ड दिसू नये म्हणून.

 अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तू माझ्या घरात उभी होतीस. लाल म्हणजे काय, तुला ठाऊक होतं.’

‘हो, अक्का.’

‘मग?’



त्यानंतर डॉक्टर, काही दिवस हॉस्पिटल, मग आणखी एक डॉक्टर, नुसते बोलणारे. वर्षाहून जास्त गेले. तिच्या बापाने ऑफिसजवळ, शहराच्या दक्षिणेला पेरुंगुडीला घर घेतले आणि अक्का त्यांच्याबरोबर गेली. मी फोन करत राहिले. एकदाच तिने उचलला. ‘पोर जेवते आता. आमच्याकडे पाठ करून जेवते, पण जेवते. तू फोन करू नकोस.’ यात ‘टीचरम्मा’ नव्हते.

मी हेडमिस्ट्रेसकडे गेले. कार्डे बंद करा म्हटले. ‘पालकांना आवडतात ती, मॅडम. किती जणींचं वजन उतरलंय!’ ‘कसं उतरलंय ते मी पाहून आले,’ मी म्हणाले. पटवायला एक सहामाही गेली. आता वजन वर्षातून एकदा, बंद दारामागे, आणि डॉक्टर बोलायचे ते फक्त आईबापांशी. कार्डे नाहीत म्हटल्यावर, मग खेळाच्या तासाचा परिणाम दाखवायचा कसा, असा प्रश्न निघाला, आणि तो तासही रद्द व्हायला आला. त्यासाठी मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा, कुठलीही नोंद न ठेवण्यासाठी भांडले.

धाकटे, वजन वाढू देऊ नये, हे खरे आहे. तुझे आजोबा मी पाहिले आहेत. तेव्हा पळ, खेळ, शाळेत चालत जा. लाडू नको असेल तर खाऊ नकोस, पण पत्र आले म्हणून ठेवून देऊ नकोस. आणि जेवायला सगळ्यांबरोबर बस, सगळ्यांकडे तोंड करून. तुझ्या आईला सांगते: ते पत्र फ्रिजवर लावले असेल तर आज काढ. धाकटीला काय वाटते ते तिला विचार, आणि ती बोलेपर्यंत जिना चढून निघून जाऊ नकोस.

खालच्या मजल्यावर आता दुसरे भाडेकरू आहेत. भाजी मी वरच निवडते. अक्का बोलत नाही. बोलेल असे आता वाटतही नाही. शाळेत बुधवारचा आणि शुक्रवारचा तो अर्धा तास अजून आहे. मुली खडूने चौकोन आखतात आणि खेळतात, आणि कोणी काही लिहून घेत नाही.