सगळ्याला एकच ग्रीस

मिस्त्रींच्या गॅरेजात पिवळ्या ग्रीसचा एक मोठा डबा होता आणि मिस्त्रींचा त्याच्यावर भारी जीव. चाकाच्या बेअरिंगला तेच, दाराच्या बिजागरीला तेच. बायकोच्या शिलाई मशीनला त्यांनी एकदा तेच लावलं आणि तिच्या पांढऱ्या कापडावर पिवळी टीप उमटली, तेव्हाही चूक कापडाची होती. "ग्रीस म्हणजे ग्रीस," असं ते म्हणायचे, तेही असं, की समोरच्याने वहीत उतरवून घ्यावं.

या गृहस्थांना तीस वर्षांच्या अनुभवानंतर एक नवीन हौस सुचली. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाची चकती चिमटीत धरणाऱ्या भागाला, दोन पिना असतात. ब्रेक दाबला-सोडला की कॅलिपर त्या पिनांवर पुढेमागे सरकतो. मिस्त्री इतकी वर्षं त्या पुसून होत्या तशा परत बसवत आले होते आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण कुठल्याशा मेळाव्यात एकाने पिनांना ग्रीस लावायलाच हवं असं सांगितलं. कोणतं, ते सांगण्याच्या सुमारास मिस्त्री चहाच्या रांगेत होते. गॅरेजात परत आल्यावर त्यांनी डब्यात बोट घातलं आणि पहिली गाडी धरली ती ताईची.

ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. ती गाडी शिकवण्याचा क्लास चालवायची. तिच्या पायाशी वेगळा ब्रेक होता आणि त्या ब्रेकवर तिचा सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास होता.

दोन महिन्यांनी ताई गॅरेजात आली. "गाडी डावीकडे ओढते रे."

"शिकणारे ओढत असतील."

"मी एकटी चालवत होते."

"मग रस्ता तसा असेल."

मिस्त्रींनी हवा तपासली, टायर आलटून पालटून लावले, चाकांची अलाइनमेंट केली आणि गाडी परत दिली. आठवड्याने ती पुन्हा दारात. तिने मिस्त्रींना शिकणाऱ्याच्या जागेवर बसवलं आणि आपण शेजारी बसली.

"आरसा बघ. आता हळूच क्लच सोड."

"ताई, मी मिस्त्री आहे."

"क्लच सोड."

बाजाराच्या रस्त्याने, ओळखीच्या निम्म्या दुकानांसमोरून, डोक्यावर 'शिकाऊ' असा लाल फलक मिरवत मिस्त्री निघाले. न्हाव्याने हातातली कात्री थांबवून बघितलं. सरळ रस्त्यावर ताई म्हणाली, "स्टिअरिंग सैल धर." त्यांनी सैल धरलं, तर गाडी गुमान डावीकडे, भाजीच्या हातगाडीच्या दिशेने निघाली. ताईने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. भाजीवाली म्हणाली, "शिकतील, शिकतील. वय झाल्यावर जरा वेळ लागतो."

मिस्त्री खाली उतरले आणि डाव्या चाकावर त्यांनी तळहात ठेवला. चाक तापलंय का हे बघायचं तर हात जवळ नेऊन बघायचा असतो, हे त्यांनी आजवर शंभर जणांना सांगितलं होतं. स्वतः मात्र अख्खा पंजा टेकवला. मग बाटलीतल्या पाण्यात हात बुडवायची धडपड करत, 'वाटलंच होतं मला' असा चेहरा करून उभे राहिले.

चाक काढलं तेव्हा सगळं समोर आलं. पिन जागची हलत नव्हती, म्हणून डावा ब्रेक पुरता सुटतच नव्हता. तिच्यावरची रबरी टोपी फुगून कानाच्या पाळीसारखी मऊ, लिबलिबीत झाली होती. ब्रेकचा आतला पॅड घासून पत्र्याला टेकलेला, बाहेरचा जवळजवळ कोरा. मिस्त्रींनी निकाल दिला, "रबरच हलकं. हल्ली मालात दम राहिला नाही." नवीन टोप्या आणल्या, नवीन पॅड बसवले, पिना घासून लख्ख केल्या आणि डब्यातून घसघशीत बोटभर ग्रीस भरलं. गेल्या वेळी कमी पडलं असणार, हा त्यांचा तर्क.

यावर पुढे काही लिहायची गरज नाही. महिन्याभरात टोप्या पुन्हा फुगल्या.

मग मात्र ते सुट्या भागांच्या दुकानात गेले. काउंटरवर चष्मा लावलेली एक तरुणी होती. मिस्त्रींनी घसा खाकरला. "माझा एक मित्र आहे, त्याचं गॅरेज आहे."

"हं."

"त्याच्याकडे पिनांची रबरं फुगतात."

तिने त्यांच्या हातातली फुगलेली टोपी घेतली, बोटांत दाबली, वास घेतला. "काका, तुमच्या मित्राने बेअरिंगचं ग्रीस लावलंय. त्यात खनिज तेल असतं. या टोपीचं रबर ते पितं आणि फुगतं. पिनेला सिलिकोन ग्रीस लावायला सांगा, ब्रेकसाठीच असतं ते. आणि पातळसा थर, भरून नाही. पॅडच्या मागच्या पत्र्याला हवं असेल तर ते उष्णता सोसणारं वेगळं. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला काहीही नाही. बोटसुद्धा नाही."

"हे त्याला माहीत असेलच," मिस्त्री म्हणाले.

"मग फुगली कशी?"

सिलिकोन ग्रीसची बारकीशी ट्यूब घेऊन ते परतले आणि नव्या टोप्या घालून ताईच्या गाडीच्या पिनांना तेच लावून दिलं. पण तीस वर्षांचा हट्ट एका ट्यूबमध्ये मावत नाही. त्यांनी एकाच पाकिटातल्या दोन कोऱ्या टोप्या घेतल्या. एक पिवळ्या ग्रीसमध्ये बुडवली, दुसरी सिलिकोनमध्ये, आणि दोन झाकणं उन्हाच्या खिडकीत ठेवली. बायकोने विचारलं हे काय, तर म्हणाले, "प्रयोग." आठवडाभर रोज सकाळी ते तिथे डोकावायचे, मनातून पिवळ्याच्या बाजूने. आठव्या दिवशी दोन्ही पुसून पिनेवर चढवल्या. सिलिकोनमधली घट्ट बसली. पिवळ्यातली दुप्पट ढिली होऊन पिनेवर गरगर फिरायला लागली. बायकोने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "कापडाची चूक दिसतेय."

आता खरा प्रश्न पुढे होता. ही हौस सुचल्यापासून पिनांना ग्रीस लावलेल्या गाड्या त्यांनी बोटांवर मोजल्या. ताईची सोडून अकरा. गुपचूप बसता आलं असतं. पुढच्या सर्व्हिसला आल्या की बदलून टाकायचं, कोणाला पत्ताही लागला नसता. दोन दिवस त्यांनी हाच विचार केला, हेही ते लपवत नाहीत. तिसऱ्या दिवशी ताईच्या शेजारी एक मुलगी शिकायला बसलेली दिसली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलेली. मिस्त्री आत गेले आणि फोन उचलला.

पहिला फोन दातांच्या डॉक्टरीणबाईंना. "तुमच्या ब्रेकला मी चुकीचं ग्रीस लावलंय. गाडी घेऊन या, मी बदलून देतो."

पलीकडून विचारणा झाली, "चुकीचं म्हणजे? मुद्दाम?"

"नाही हो, आत्मविश्वासाने."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि आल्या. बाकीचेही एकेक करून आले. शिंप्याने मात्र फोनवरच सुनावलं, "तीस वर्षं काय करत होता मग?" आणि गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. मिस्त्रींनी त्या गॅरेजवाल्याला फोन करून कोणतं ग्रीस काढायचं आणि कोणतं लावायचं ते सांगितलं. तो म्हणाला, "ग्रीस म्हणजे ग्रीस हो." मिस्त्रींनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे एकदा बघून घेतलं आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं, टोपी, पिन, खिडकी, सगळं.

अकरावी गाडी एका निवृत्त शिक्षिकाबाईंची. त्या लेकीजवळ राहायला दुसऱ्या गावी गेल्या होत्या, शंभर किलोमीटरवर. मिस्त्री जॅक, पाने आणि ट्यूब घेऊन सकाळीच निघाले. बाईंच्या फाटकापाशी गाडी उचलून त्यांनी चाक काढलं. टोपी फुगलेलीच होती, पिन अजून कशीबशी सरकत होती. बाई खुर्ची टाकून शेजारी बसल्या.

"मला वाटायचं गाडी माझ्यासारखीच म्हातारी झाली," त्या म्हणाल्या. "मीही चालताना डावीकडे झुकते."

"तुमचं मला नाही बघता येणार," मिस्त्री म्हणाले, "पण गाडीतला दोष माझा आहे."

बाईंनी ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्म्याशी धरून मोठ्याने वाचून घेतली, मग त्यांच्याकडूनही वाचून घेतली. मिस्त्रींनी शाळेतल्यासारखं उभं राहून वाचलं, एका शब्दाला अडखळले, आणि बाईंनी तो शब्द त्यांना पुन्हा म्हणायला लावला.